अंतिनोरीच्या लाल वाइन: कोणती बाटली कोणत्या ताटाशी

फ्लोरेन्समधल्या कुठल्याही बऱ्या वाइनच्या दुकानात शिरलात की अंतिनोरी हे नाव बऱ्याच वेगवेगळ्या लेबलांवर दिसतं. त्यातली एखादी बाटली दहा-बारा युरोंत येते, एखादीला शेकड्यांत मोजावं लागतं. साहजिकच वाटतं, ही शिडी आहे आणि खिसा झेपेल तितकं वर चढावं. जेवणाच्या टेबलावर मात्र हा हिशेब फसतो. टोमॅटो आणि शिळ्या पावाच्या दाट सूपसोबत, म्हणजे पाप्पा अल पोमोदोरोसोबत, घराण्यातली सर्वांत मानाची सोलाया उघडली तर सूपही बिघडतं आणि वाइनही. तिथे त्याच घराण्याची साधी पेप्पोली बाजी मारून जाते. म्हणून क्रम उलटा ठेवायचा: आधी ताट ठरवायचं, मग बाटली. तो कसा, ते या एका घराण्याच्या लाल वाइन घेऊन पाहू.

अंतिनोरीच का? एक तर ही बाटली फ्लोरेन्सपासून न्यू जर्सीपर्यंत सगळीकडे सापडते. दुसरं म्हणजे टस्कनीच्या, म्हणजे फ्लोरेन्सभोवतीच्या इटालियन प्रांताच्या, लाल वाइनचे जवळजवळ सगळे प्रकार हे एक घराणं बनवतं, त्यामुळे तुलना सोपी होते. १३८५ साली जोव्हान्नी दि पिएरो अंतिनोरी फ्लोरेन्सच्या वाइन-व्यापाऱ्यांच्या संघात दाखल झाला, तेव्हापासून धंदा घरातच आहे. आता सव्विसावी पिढी, म्हणजे मार्केझे पिएरो अंतिनोरी यांच्या तीन मुली, कारभार पाहते. थोरली अल्बिएरा अध्यक्ष आहे. फ्लोरेन्समधला अंतिनोरी वाडा १५०६ पासून घराण्याकडे आहे. जुन्या काळी शहरातले सरदार आपल्या मळ्यातली वाइन वाड्याच्या भिंतीतल्या छोट्याशा झरोक्यातून थेट रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला विकत, तसा झरोका या वाड्यालाही आहे.

पहिली पायरी: सांजोवेझे जिभेने ओळखा

टस्कनीच्या लाल वाइनचा कणा म्हणजे सांजोवेझे हे द्राक्ष. त्याच्या दोन गोष्टी कळल्या की निम्मं काम झालं.

पहिली, आंबटपणा. घोट गिळल्यावर दोन्ही गालांच्या आतून पाणी सुटतं. जितकं जास्त सुटेल तितकी वाइन आंबट. सांजोवेझेत हा आंबटपणा भरपूर असतो, उन्हाळा कडक गेला तरी टिकतो. टोमॅटो स्वतः आंबट असल्यामुळे त्याच्यासोबत कमी आंबट वाइन मिळमिळीत, पाणचट लागते. सांजोवेझे तशी हरत नाही. ऑलिव्ह तेलाचा आणि चरबीचा तोंडात बसलेला थर धुऊन काढायलाही हाच आंबटपणा उपयोगी पडतो.

दुसरी, तुरटपणा. तो द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतो, शिवाय ओकच्या पिंपातूनही थोडा उतरतो. जांभळं खाल्ल्यावर जीभ जशी खरखरीत होते, तसंच हे. तुरट द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात म्हणून तोंड कोरडं पडतं. समोर मांस किंवा चीज असेल तर ती तिथल्या प्रथिनांना आणि चरबीलाही जाऊन चिकटतात आणि वाइन एकदम मऊ वाटू लागते. मिठाचाही तोच परिणाम होतो. टस्कनीचा पाव मुळात बिनमिठाचा असतो. नुसता खाल्ला तर सपक लागतो, पण त्यावर मेंढीच्या दुधाचं खारट पेकोरिनो चीज किंवा बडीशेप घातलेली फिनोक्योना सलामी ठेवली की त्या पावाचं आणि या वाइनचं गणित कळतं.

वास साधारण आंबट चेरीचा, वाळलेल्या पानांचा, थोडा टोमॅटोच्या देठाचा. रंग फार गडद नसतो. लाल वाइन काळपट असेल तरच चांगली, असं मनात असेल तर ते आधी काढून टाका. कितीतरी उत्तम सांजोवेझे माणिकासारख्या पारदर्शक असतात.

दुसरी पायरी: लेबलावरचा दर्जा वाचा, पण त्याला भुलू नका

फ्लोरेन्स आणि सिएना यांच्या मधल्या टेकड्यांचा पट्टा म्हणजे कियांती क्लासिको. गळ्यावर काळा कोंबडा दिसला की बाटली या पट्ट्यातली. कोंबडा नसलेली नुसती ‘कियांती’ आजूबाजूच्या मोठ्या प्रदेशातून येते. हे दोन वेगळे दर्जे आहेत, एकाच वस्तूची दोन नावं नाहीत. कियांती क्लासिकोत किमान ८० टक्के सांजोवेझे असावी लागते. पुढे तिच्यात तीन पायऱ्या आहेत: साधी, म्हणजे किमान १२ महिने मुरवलेली, रिझेर्वा, २४ महिने, आणि ग्रान सेलेत्सियोने, ३० महिने.

दक्षिणेला मोंताल्चिनो गावाभोवती ब्रुनेल्लो दि मोंताल्चिनो बनते. ती १०० टक्के सांजोवेझे. किमान दोन वर्षं लाकडात, आणि द्राक्षं खुडल्यानंतरच्या पाचव्या वर्षाच्या १ जानेवारीपर्यंत ती विकताच येत नाही.

इथवर सगळं सरळ आहे. घोळ पुढे होतो. अंतिनोरींच्या सर्वांत गाजलेल्या दोन बाटल्यांवर, तिन्यानेल्लोवर आणि सोलायावर, कोंबडाही नाही आणि वरचा दर्जाही नाही. फक्त ‘तोस्काना’ आणि आयजीटी, म्हणजे कागदोपत्री खालचा वर्ग. असं का, ते कळायला १९७० च्या सुमाराला जावं लागतं. तेव्हाच्या नियमानुसार कियांतीत पांढरी द्राक्षं घालणं सक्तीचं होतं. त्यामुळे वाइन पातळ होई आणि लवकर उतरून जाई. तिन्यानेल्लोच्या मळ्यातली १९७० ची वाइन कियांती क्लासिको रिझेर्वा म्हणूनच बाजारात आली, पण ती छोट्या ओक पिंपांत मुरवलेली होती. १९७१ पासून पिएरो अंतिनोरी आणि त्यांचे वाइनमेकर जाकोमो ताकिस यांनी कियांती हे नावच सोडून दिलं आणि फक्त मळ्याचं नाव लावलं. १९७५ पासून पांढरी द्राक्षं पूर्ण हद्दपार झाली. १९८२ पासून मिश्रण बहुतांश तेच आहे: ८० टक्के सांजोवेझे, बाकी कॅबर्ने सोव्हिन्यों आणि थोडी कॅबर्ने फ्रां ही फ्रेंच द्राक्षं. ‘टेबल वाइन’ असा साधा शिक्का घेऊन ती जगभर महाग विकली गेली. तिच्या मागोमाग इतरही निघाले आणि अशा बाटल्यांना लोक सुपर टस्कन म्हणू लागले. कियांती क्लासिकोचे नियम पुढे हळूहळू बदलले, आणि २००६ पासून तर तिथे पांढऱ्या द्राक्षांना बंदीच आहे. म्हणजे बंडखोराचं म्हणणं कायद्याने मान्य केलं, पण बंडखोर घरी परतला नाही.

गिऱ्हाइकाने यातून घ्यायचं ते इतकंच: दर्जाची अक्षरं वाइन कुठून आली आणि कुठल्या नियमाने बनली ते सांगतात. ती ताटाशी जुळेल का, हे द्राक्षांच्या मिश्रणावरून आणि मुरवण्याच्या पद्धतीवरून कळतं. ते मागच्या लेबलावर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

तिसरी पायरी: बाटलीचं ताट ओळखा

सुरुवात खालून करू, कारण रोजच्या जेवणात हात तिथेच जातो.

सांता क्रिस्तीना १९४६ पासून बनते. हलकी, फळांच्या वासाची, फार विचार न करता प्यायची. पिझ्झा, टोमॅटोचा पास्ता, भाजलेली कोंबडी. तिला पिंपाची, गुणांकनाची, मुरवण्याची चर्चा लावू नका.

व्हिल्ला अंतिनोरीची लाल बाटली १९२८ पासूनची. आधी ती कियांती क्लासिको होती, २००१ पासून तोस्काना आयजीटी झाली. सांजोवेझेत कॅबर्ने, मर्लो, सिरा मिसळलेली असल्यामुळे तिच्या कडा गोल झाल्या आहेत. मांसाचा रागू घातलेला पास्ता, लझान्या, भाजलेलं डुक्कर. टेबलावर चार माणसं चार वेगळे पदार्थ मागवणार असतील, तर भांडण न लावणारी बाटली हीच. सावधपणा हाच तिचा गुण आणि हीच तिची मर्यादा.

पेप्पोली मात्र माझ्या मते या सगळ्या घराण्यातली सर्वांत कामाची बाटली आहे. अंतिनोरींनी ही मालमत्ता १९८५ मध्ये घेतली, घराण्याच्या धंद्याला ६०० वर्षं झाली तेव्हा, आणि त्याच हंगामापासून वाइनही आली. ९० टक्के सांजोवेझे, बाकी थोडी मर्लो आणि सिरा. बरीचशी वाइन मोठ्या पिंपांत मुरते. पिंप जितकं मोठं, तितका लाकडाचा संबंध कमी, त्यामुळे चेरीचा ताजेपणा आणि आंबटपणा दाबला जात नाही. म्हणूनच ती जेवणासोबत इतकी चालते.

तिच्यासोबत काय? टस्कनीतल्या गरिबांच्या चुलीवरचं जवळजवळ सगळं. पाप्पा अल पोमोदोरो. काळा कोबी, पांढरे घेवडे आणि शिळा पाव घालून दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळलेली रिबोल्लीता. सेज आणि टोमॅटोत शिजवलेले घेवडे, म्हणजे फाजोली अल्लुच्चेल्लेत्तो. जाडजूड, हाताने वळलेली पिची, तीही लसूण-टोमॅटोच्या सॉसमध्ये. मांस खाणाऱ्यांना कोंबडीच्या काळजाची चटणी लावलेले क्रोस्तीनी. शाकाहारी मंडळींनी इकडे विशेष लक्ष द्यावं. टस्कनीत शाकाहारी जेवणावर भरपूर लाल वाइन प्यायली जाते. तेल, डाळीसारखे शिजलेले घेवडे आणि टोमॅटो एवढं असलं की सांजोवेझेला मांसाची गरज उरत नाही. मात्र एक सूचना: रिबोल्लीतावर शेवटी कच्चं ऑलिव्ह तेल ओतायला लाजू नका. ते तेल नसेल तर वाइनला धुवायला काही उरत नाही आणि ती उगाच बोचते.

आता तिन्यानेल्लो. ३५० ते ४०० मीटर उंचीवरचा, चुनखडीच्या आणि भुसभुशीत खडकाच्या जमिनीचा मळा. सांजोवेझेचा आंबटपणा तसाच, पण कॅबर्नेमुळे खांदे रुंद झालेले आणि छोट्या पिंपांत वर्षाहून जास्त राहिल्यामुळे तंबाखू, चामडं, मसाल्याचा वास आलेला. तिला समोर मांस लागतं, आणि तेही निखाऱ्यावरचं.

फ्लोरेन्समध्ये त्याचं उत्तर ठरलेलं आहे: बिस्तेक्का अल्ला फियोरेन्तिना. कियानीना जातीच्या गुराच्या पाठीचा हाडासकट कापलेला, तीन-चार बोटं जाड तुकडा, फुललेल्या कोळशावर दोन्ही बाजूंनी काही मिनिटं, मग हाडावर उभा. बाहेर खरपूस, आत लाल. मीठ शेवटी. हॉटेलात तो वजनावर विकला जातो. यादीत दिसणारी किंमत बहुधा किलोची किंवा शंभर ग्रॅमची असते, पूर्ण तुकड्याची नव्हे. एक तुकडा किलोभर किंवा जास्त भरतो, म्हणून तो दोघा-तिघांत मागवा आणि मागवण्यापूर्वी वजन विचारा. पूर्ण शिजवून मागितलात तर बरेच स्वयंपाकी सरळ नकार देतात. त्यात उद्धटपणा कमी आणि अक्कल जास्त आहे: कियानीना हे फार चरबीचं मांस नाही, शिजवलं की कोरडं पडतं, आणि कोरड्या मांसावर तिन्यानेल्लोचा तुरटपणा दुप्पट चढतो. रसरशीत मांस आणि वरचं जाडं मीठ मिळून तो उतरवतात.

गोमांस खात नसाल तर तडजोड करावी लागत नाही. रोझमेरी-लसूण घालून भाजलेली डुकराची अरिस्ता, निखाऱ्यावरच्या कोकराच्या बरगड्या, भाजलेली गिनी कोंबडी, तिन्ही तितक्याच चालतात. मांसच नको असेल तर पोर्चीनी अळंबीच्या मोठ्या टोप्या तेल-लसूण लावून भाजून घ्या. शरद ऋतूत टस्कनीत त्या तशाच मिळतात आणि त्यांचा मांसल स्वाद तिन्यानेल्लोला पेलतो.

बादिया आ पास्सिन्यानो ही ग्रान सेलेत्सियोने आहे, पूर्ण सांजोवेझे. वाल्लोम्ब्रोझा पंथाच्या मठाभोवतीचे मळे अंतिनोरींनी १९८७ मध्ये घेतले आणि पिंपं त्या मठाखालच्या तळघरात ठेवली. त्याच मठाच्या भोजनगृहात दोमेनिको गिर्लांदायो आणि त्याच्या भावाने १४७६ मध्ये काढलेलं ‘शेवटचं भोजन’ हे भित्तिचित्र आहे. खाली वाइन, वर जेवणाचं चित्र, असा योग. पेप्पोलीची हीच द्राक्षं जास्त पिकवून, निवडून, जास्त मुरवली तर काय होतं ते इथे कळतं. तिचं ताट म्हणजे पाप्पार्देल्ले अल चिंग्याले: रानडुकराचं मांस वाइनमध्ये भिजवून, जुनिपर-तमालपत्र घालून तासन्‌तास शिजवायचं आणि रुंद पट्ट्यांच्या पास्त्यावर घालायचं. कियांतीच्या जंगलात रानडुकरांचा सुळसुळाट आहे आणि पिकलेल्या द्राक्षांवर ती ताव मारतात, म्हणून मळ्यांना कुंपण घालावं लागतं. त्यांनी द्राक्षं खायची, आपण त्यांना त्याच द्राक्षांच्या वाइनसोबत खायचं, यात एक प्रकारचा न्यायही आहे.

पियान देल्ले विन्ये ही ब्रुनेल्लो. मालमत्ता १९९५ मध्ये घेतली आणि नाव तिथल्या एकोणिसाव्या शतकातल्या रेल्वे स्थानकावरून आलं. ब्रुनेल्लोची घाई असलेल्याने ती घेऊच नये. पाच-सहा वर्षांची असताना तुरटपणा कडक असतो, दहाच्या पुढे ती उलगडते. तिच्यासोबत मंद आचेवर शिजलेलं काहीतरी हवं. पेपोझो हा त्यातला सर्वोत्तम जोडीदार: मांसाचे तुकडे, भरपूर अख्खी काळी मिरी, लसूण आणि बाटलीभर कियांती, एवढंच मातीच्या भांड्यात घालून कित्येक तास. इंप्रुनेताच्या वीटभट्टीवाल्या कामगारांचा हा पदार्थ. भट्टीच्या तोंडाशी भांडं ठेवायचं आणि आपल्या कामाला लागायचं. फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलच्या घुमटाच्या कामावरचे मजूर हेच खात, असंही सांगतात. मिरीची ऊब ब्रुनेल्लोला खुलवते. मिरचीचा जाळ तसा खुलवत नाही, त्याबद्दल पुढे.

ब्रुनेल्लोचा दुसरा जोडीदार म्हणजे पिएन्झाचं जुनं, कडक पेकोरिनो. जेवण संपताना ग्लासात उरलेल्या दोन घोटांसाठी हा तुकडा मुद्दाम बाजूला ठेवावा.

सोलाया आणि बोल्गेरीच्या बाटल्यांचं शास्त्र वेगळं आहे, कारण तिथे कॅबर्ने मालक आहे. सोलाया तिन्यानेल्लोच्याच टेकडीवर बनते. पहिला हंगाम १९७८. आज साधारण तीन-चतुर्थांश कॅबर्ने सोव्हिन्यों, उरलेल्यात सांजोवेझे आणि थोडी कॅबर्ने फ्रां. ‘वाइन स्पेक्टेटर’ने २००० साली तिच्या १९९७ च्या हंगामाला वर्षातली सर्वोत्तम वाइन ठरवलं. तेव्हापासून ती पिण्यापेक्षा साठवण्यासाठी जास्त घेतली जात असावी. तिच्यासोबत पदार्थ जितका साधा तितका बरा: भाजलेलं कोकरू, मीठ, तेल. टोमॅटो अजिबात नको.

समुद्राकडच्या बोल्गेरीत ग्वादो अल तास्सो ही मोठी बाटली आणि इल ब्रुचातो ही तिची धाकटी बहीण. धाकटीत कॅबर्ने, मर्लो आणि सिरा. फळ पिकलेलं, तुरटपणा मऊ. बार्बेक्यू, सॉसेज, बरगड्या, मसालेदार कबाब यांसोबत ती बेलाशक उघडा. परदेशात राहणारा मित्र घरामागे शेगडी पेटवणार असेल तर हीच घेऊन जा.

चौथी पायरी: तापमान, हवा, ग्लास

लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी, हा नियम युरोपातल्या दगडी, गार घरांचा आहे. पुण्या-नागपुरातल्या मे महिन्यातल्या खोलीचा नव्हे. ३० अंशांवर कुठलीही लाल वाइन नुसत्या अल्कोहोलचा भपकारा मारते. सांता क्रिस्तीना आणि पेप्पोली १५-१६ अंशांना, तिन्यानेल्लो, बादिया आणि ब्रुनेल्लो १७-१८ ला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्यासाठी बाटली फ्रिजमध्ये तास-दीड तास ठेवावी लागते. घाई असेल तर बर्फ आणि पाणी भरलेल्या बादलीत दहा-पंधरा मिनिटं पुरतात. नुसता बर्फ नको, पाणी हवंच, त्याशिवाय बाटलीला थंडी सर्व बाजूंनी लागत नाही. थोडी जास्त गार झाली तर बिघडलं नाही, ग्लासात पाच-दहा मिनिटांत वर येते.

हवेचं म्हणाल तर पेप्पोली उघडा आणि ओता. तरुण तिन्यानेल्लो किंवा सोलाया मात्र रुंद तोंडाच्या भांड्यात ओतून तास-दोन तास ठेवा. बूच काढून बाटली तशीच उभी ठेवली तर फारसा उपयोग नाही, मानेतून हवा लागते ती नावापुरती. जुन्या ब्रुनेल्लोच्या बाबतीत आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवा म्हणजे गाळ तळाशी बसेल. मग एका झटक्यात, न हलवता, दुसऱ्या भांड्यात ओता आणि गाळ मानेशी आला की थांबा. वीस-पंचवीस वर्षांची बाटली असेल तर ती फार वेळ उघडी ठेवू नका, वास उडून जातो.

ग्लास मोठा असावा आणि एक-तृतीयांशच भरावा. ७५० मिलीच्या बाटलीत असे पाच ग्लास येतात.

उघडल्यावर ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट तळघराचा वास आला तर बूच खराब आहे. हवा देऊन तो जात नाही. हॉटेलात बाटली परत पाठवण्याचा तुमचा हक्क आहे, संकोच करू नका.

पाचवी पायरी: एक संध्याकाळ आखा

चौघांसाठी दोन बाटल्या पुरतात: एक पेप्पोली, एक तिन्यानेल्लो. तिन्यानेल्लो जेवणाच्या दोन तास आधी ओतून ठेवा. सुरुवातीला बिनमिठाचा पाव, फिनोक्योना किंवा पेकोरिनो, आणि पेप्पोली. मग टोमॅटोचं काहीतरी, अजूनही पेप्पोलीच. दुसरी बाटली मुख्य मांस किंवा अळंबी टेबलावर आल्यावरच ग्लासात पडू द्या. टोमॅटोपाशी तिन्यानेल्लोचा पहिला घोट घेतला की तिच्याबद्दलचं मत तिथेच बिघडतं आणि पुढे सुधारत नाही. चीजच्या वेळी दोन्हींचा उरलेला घोट घ्या.

गोडापाशी थांबा. कोरडी लाल वाइन गोड पदार्थासोबत कडू, आंबट लागते. चॉकलेट आणि लाल वाइन ही जोडी फार मिरवली जाते, मला ती कधीच पटलेली नाही. टस्कनीत जेवणाच्या शेवटी बदामाच्या कांतुच्ची बिस्किटांसोबत व्हिन सांतो ही गोडसर वाइन येते, तीच बरी. आर्टिचोक, शतावरी आणि व्हिनेगरचं सॅलड हे पदार्थही लाल वाइनशी वैर धरतात. सॅलड खायचंच असेल तर त्या वेळी ग्लास बाजूला ठेवा.

झणझणीत जेवण आणि सोलापूरची सांजोवेझे

मिरचीचा तिखटपणा तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही भडकवतो. तांबड्या रश्शासमोर ब्रुनेल्लो म्हणजे दोघांचंही नुकसान. मटणासोबत अंतिनोरीची बाटली उघडायचीच असेल तर तिखट कमी, काळा मसाला आणि खोबरं जास्त असं सुकं करा आणि पेप्पोली किंवा इल ब्रुचातो थोडी जास्त गार करून घ्या. वांग्याचं भरीत, फोडणीत मिरची बेताची ठेवून, पेप्पोलीसोबत फार छान लागतं. तो भाजका धुराचा वास सांजोवेझेला ओळखीचा वाटतो. माशाच्या कालवणाला लाल वाइन नकोच.

आणि हा सगळा अभ्यास युरोंशिवाय करायचा असेल तर सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरात सांजोवेझे पिकते. मोहिते-पाटील, सेखरी आणि फ्लोरेन्सचे सेक्की अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून उभ्या केलेल्या फ्रातेल्ली कंपनीचे ते मळे. टस्कनीचे जुनेजाणते वाइनमेकर पिएरो मासी तिथल्या वाइनमागे होते. त्यांची ‘सेत्ते’ ही सांजोवेझे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों यांचं मिश्रण आहे, म्हणजे द्राक्षांच्या दृष्टीने तिन्यानेल्लोच्याच कुळातली. आयात शुल्क आणि कर मिळून इटालियन बाटली भारतात बरीच महाग पडते, त्यामुळे सरावासाठी ही सोयीची. जमलं तर नुसती सांजोवेझे आणि पेप्पोली शेजारी शेजारी ओतून पाहा. आपल्याकडच्या कडक उन्हात पिकलेल्या फळाचा आणि कियांतीच्या गार रात्रींनी राखलेल्या आंबटपणाचा फरक लगेच कळतो.

मळ्यावर जायचं असेल तर

फ्लोरेन्सच्या दक्षिणेला सान काश्यानोजवळ बार्जिनो इथे २०१२ मध्ये उघडलेली अंतिनोरी नेल कियांती क्लासिको ही वाइनरी पाहण्यासारखी आहे. आर्केया या वास्तुरचनाकारांनी ती टेकडीच्या पोटात दडवली आहे. छतावर वेली, खाली भाजक्या मातीच्या कमानींची तळघरं, आणि गंजलेल्या रंगाचा गोल जिना. फेरी आधी ऑनलाइन आरक्षित करावी लागते. फेऱ्या वेगवेगळ्या असतात, कुठल्या वाइन चाखायला मिळणार ते नीट वाचून निवडा. वरच्या रिनुच्चो ११८० या रेस्तराँमध्ये टस्कन जेवण मिळतं, दुपारची वेळ साधा. शहर सोडायचं नसेल तर वाड्याच्या तळमजल्यावर १९५७ पासून चालू असलेली कांतिनेत्ता अंतिनोरी आहे.

परतीच्या सामानात बाटल्या आणायच्या तर त्या चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. घरी आल्यावर त्यांना आठवडाभर आडव्या पडू द्या आणि मगच उघडा. स्वयंपाकघर आणि फ्रिजच्या वरची जागा सोडून कुठेही ठेवा, सर्वांत आतल्या खोलीतलं खालचं कपाट त्यातल्या त्यात बरं. ब्रुनेल्लो आणि सोलायासाठी मात्र वाइनचा छोटा फ्रिज नसेल तर वर्षानुवर्षं साठवण्याचा विचार सोडा, आपले दोन-तीन उन्हाळे त्यांना पुरे होतात.

उघडलेली बाटली उरली तर बूच उलट न घालता, होतं तसंच घट्ट बसवून फ्रिजमध्ये उभी ठेवा. पेप्पोली दोन दिवस, तिन्यानेल्लो तीन दिवस बरी राहते. त्यानंतर जे उरेल ते पेपोझोच्या भांड्यात.